फोटोतलं ‘कुठे’ आणि ‘केव्हा’: चंद्रपूर ते मार्कंडा, सायकल आणि मोबाइलचा कॅमेरा

मागच्या हिवाळ्यात आमच्या सायकल ग्रुपवर एक फोटो आला. चंद्रपूर-मूल रस्त्याजवळच्या नाल्यात, ओल्या रेतीवर उमटलेला वाघाचा पंजा. फोटो भारी होता, म्हणून कुणीतरी म्हणालं, “भावा, ओरिजिनल पाठव ना.” त्याने फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवली. पाच मिनिटांत दुसऱ्याने ती गॅलरीत उघडली, फोटो वर सरकवला, खालचा नकाशा बघितला आणि नाल्याची नेमकी जागा टाचणीसकट ग्रुपवर टाकली. रात्रीपर्यंत ती टाचणी किती ग्रुप फिरली कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी मोटारसायकली उभ्या होत्या.

फोटो काढणाऱ्याने ठिकाणाचं नाव कुठेच लिहिलं नव्हतं. ते फोटोच्या आतच होतं.

चंद्रपूर आणि गडचिरोली हे सायकलवर फिरायला आणि फोटो काढायला जबरदस्त जिल्हे आहेत. गोंड राजांचा परकोट, भद्रावतीची विजासन लेणी, बल्लारपूरचा वर्धेकाठचा किल्ला, मूलकडची धानाची शेतं, वैनगंगेकाठची मार्कंड्याची मंदिरं. पण इथे फोटो काढताना दोन गोष्टींचं भान लागतं: फोटो केव्हा काढला आणि कुठे काढला. चला, दोन्ही नीट समजून घेऊया.

फोटोच्या पोटात काय असतं?

मोबाइलने फोटो काढला की चित्रासोबत काही माहितीही त्याच फाइलमध्ये जाते. तारीख, वेळ, फोनचं मॉडेल, शटरचा वेग आणि लोकेशन चालू असेल तर अक्षांश-रेखांश. या नोंदीच्या पद्धतीला एक्झिफ म्हणतात. १९९५ साली जपानमध्ये ती ठरली आणि आज जवळपास प्रत्येक फोन तीच वापरतो.

हे अक्षांश किती नेमके असतात? एक अंश अक्षांश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हापुढे एक आकडा असेल तर ११ किलोमीटरच्या आसपासची जागा कळते. दोन आकडे असतील तर साधारण एक किलोमीटर, आणि चार असतील तर ११ मीटर. मोकळ्या आभाळाखाली फोनचं जीपीएस बहुतेक वेळा काही मीटरच्या आतच असतं. म्हणजे फोटोवरून गावच काय, नाल्याचं वळणसुद्धा सापडतं.

“पण जंगलात तर नेटवर्कच नसतं!” बरोबर आहे, पण जीपीएसला नेटवर्क लागत नाही. फोन थेट उपग्रहांचे संदेश ऐकतो. इंटरनेट असलं तर उपग्रह कुठे आहेत ही माहिती फोनला पटकन मिळते. ते नसलं तर पहिल्यांदा जागा सापडायला थोडा वेळ लागतो, इतकंच. म्हणून नकाशा आधीच ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा. आणि नेटवर्क नाही म्हणजे लोकेशन जात नाही, हा समज काढून टाका.

केव्हा: उजेडाचा तास आणि वाघाचा तास

फोटोग्राफीचा कुठलाही व्हिडिओ बघा, एक सल्ला ठरलेला असतो. सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास सोडू नका. उजेड तिरका आणि मऊ असतो, सावल्या लांब पडतात, रंग खुलतात. सगळं खरं आहे.

पण चंद्रपूर जिल्ह्यात वाघ फक्त ताडोबात नाहीत, ताडोबाबाहेरच्या जंगलांतही आहेत. वाघ आणि बिबट्यांची हालचाल पहाटे, संध्याकाळी आणि रात्री जास्त असते. म्हणजे तुमचा सोनेरी तास आणि त्यांचा फिरायचा तास एकच! त्यात सायकलचा आवाज होत नाही, त्यामुळे वळणावर अस्वल किंवा रानडुक्कर एकदम समोर आलं तर तेही दचकतं आणि तुम्हीही.

उपाय सोपा आहे. सोनेरी तास गावात किंवा मंदिरापाशी घालवा, जंगलाचा रस्ता टळटळीत दिवसा पार करा. डिसेंबरअखेर चंद्रपुरात सूर्य साधारण पावणेसातला उगवतो आणि पाच-चाळीसच्या सुमारास मावळतो. चंद्रपूरहून मूल सुमारे ४५ किलोमीटर. सकाळी नऊला निघालात तर चिचपल्ली, केळझरचा जंगलपट्टा भर उन्हात पार होतो आणि दुपारपर्यंत मूल येतं.

आणखी एक गोष्ट. रानफुलाचा किंवा पंज्याच्या ठशाचा फोटो काढायला आपण रस्त्याच्या कडेला उकिडवे बसतो, अगदी खाली वाकतो. मोहफुलं किंवा तेंदूपानं गोळा करताना वाकलेल्या माणसांवर हल्ले झाल्याच्या घटना या भागात वारंवार घडल्या आहेत. जंगलपट्ट्यात वाकून फोटो नको. उभ्यानेच काढा, एकाने फोटो काढताना दुसऱ्याने आजूबाजूला लक्ष ठेवा आणि पुढे निघा.

ताडोबाच्या आत सायकल नेता येत नाही, आणि सफारीत मोबाइलला मनाई आहे. वाघाच्या फोटोसाठी हा प्रवास आखू नका. इथला खरा खजिना दगडात आहे.

दगडाचे फोटो: सूर्य कुठे आहे ते बघा

चंद्रपूरचा परकोट सुमारे ११ किलोमीटर लांब आहे. त्याला जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर असे चार दरवाजे आहेत आणि काही खिडक्याही. दरवाज्यांवर गोंड राजचिन्ह कोरलेलं दिसतं: हत्तीवर मात करणारा सिंह. हे कोरीवकाम समोरून पडणाऱ्या उजेडात सपाट दिसतं. उजेड बाजूने, भिंतीला घासून आला की प्रत्येक खाचेत सावली पडते आणि सिंह दगडातून बाहेर येतो.

हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दिवसभर दक्षिणेकडे कललेला असतो. त्यामुळे दक्षिणेच्या पठाणपुरा दरवाज्याच्या बाहेरच्या बाजूला भरपूर ऊन मिळतं, तर उत्तरेच्या जटपुरा दरवाज्याची बाहेरची बाजू सावलीत राहते. सावली म्हणजे वाईट फोटो असं मात्र नाही. तिथे उजेड सारखा पडतो आणि बारीक कोरीवकाम नीट दिसतं, फक्त आकाश फोटोत कमी घ्या. फोनमधलं होकायंत्र उघडून भिंतीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघा आणि वेळ ठरवा. जटपुऱ्याला वाहनांची वर्दळ प्रचंड असते, तिथे सकाळी लवकरच जा.

दगडी वास्तूंसाठी चार गोष्टी लक्षात ठेवा:

१. कॅमेऱ्यात ग्रिड चालू करा आणि फोन सरळ उभा धरा. फोन वर झुकवला की भिंती मागे पडल्यासारख्या दिसतात. मागे सरकून काढा.

२. अल्ट्रावाइड लेन्सने कडेच्या भिंती ताणल्या जातात. जागा असेल तर साधी लेन्स वापरा. उंचावरच्या मूर्तीसाठी फोनची टेलिफोटो लेन्स असेल तर ती.

३. कमानीत अंधार आणि बाहेर लख्ख ऊन असेल तर स्क्रीनवर दगडाला बोट दाबून धरा. फोकस आणि उजेड लॉक होतो. मग पट्टी थोडी खाली ओढा. आकाश पांढरं फटक होत नाही.

४. लेन्स पुसा. सायकलवर घाम आणि धूळ दोन्ही लागतात. निम्मे धुरकट फोटो यामुळेच येतात.

मूलहून वैनगंगा ओलांडून चामोर्शीच्या बाजूला गेलात की मार्कंडादेव. वैनगंगा ही दक्षिणेकडे जाणारी नदी, पण इथे वळण घेऊन उत्तरेकडे वाहते. म्हणून या जागेला तीर्थाचं महत्त्व आहे. महाशिवरात्रीला इथे मोठी जत्रा भरते, तेव्हा सायकल आणि फोटो दोन्ही अवघड. एरवी शांतता असते. मुख्य मंदिराच्या बाहेरच्या भिंतींवर मूर्तींच्या ओळीच्या ओळी आहेत. दुपारी बारा वाजता सगळ्या भिंती एकदम टिपायचा हट्ट सोडा. सकाळी पूर्वेची बाजू घ्या, संध्याकाळी पश्चिमेची आणि मधल्या वेळात सावलीतले बारकावे. ही मंदिरं भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहेत. हातातल्या फोनने फोटो काढायला सहसा अडचण येत नाही, पण ट्रायपॉड किंवा ड्रोनला परवानगी लागते. गाभाऱ्यात फोटो काढायचा असेल तर आधी पुजाऱ्यांना विचारा.

इथे लोकेशन चालूच ठेवा!

आता उलटी गोष्ट सांगतो. दगडाच्या फोटोत ठिकाण आणि तारीख असलीच पाहिजे.

पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पहिले प्रमुख अलेक्झांडर कनिंगहॅम १८७० च्या दशकात मध्य प्रांतात फिरले. मार्कंड्याच्या मंदिरांचं वर्णन त्यांनी अहवालात लिहून ठेवलं. अशा जुन्या नोंदींमुळेच तेव्हा काय उभं होतं आणि नंतर काय पडलं, ते आज ताडून बघता येतं. तुमच्या फोटोत तारीख आणि जागा असेल तर तीही एक नोंदच आहे. २०१७ पासून चंद्रपुरात इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी परकोटावरची झुडपं आणि कचरा काढायचं काम केलं. असं काम कितपत टिकलं, कुठे पुन्हा पिंपळ उगवला, कुठली फट रुंदावली, हे त्याच जागेवरून काढलेले दोन वर्षांचे दोन फोटो शेजारी ठेवले की लगेच दिसतं. पुढच्या वर्षी पुन्हा जाल तेव्हा जुना फोटो उघडा, त्याच्या अक्षांशावर उभे राहा आणि तीच चौकट धरा.

विकिमीडिया कॉमन्सवर असे फोटो टाकले तर ते कुणालाही अभ्यासाला वापरता येतात. तिथे नेमकं ठिकाण लिहिलेलं असणं हा गुणच मानतात.

इथे मात्र बंद

वाघाचा पंजा, घुबडाचं घरटं, अस्वलाची गुहा यांचं ठिकाण कुणालाही देऊ नका. २०२५ च्या सुरुवातीलाच राजुरा भागात वाघांच्या शिकारीच्या संशयावरून अटक झाली होती. म्हणजे धोका कागदावरचा नाही. शिकारी नसले तरी हौशी गर्दी असतेच. ती जमली की जनावर बिथरतं, आणि त्याचा त्रास आपल्याला होत नाही, दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने शेतावर जाणाऱ्या माणसाला होतो. निसर्गाच्या नोंदी ठेवणारं आयनॅचरलिस्ट हे ॲप धोक्यातल्या प्रजातींची जागा मुद्दाम धूसर करतं. ०.२ अंशाच्या, म्हणजे साधारण २२ किलोमीटरच्या चौकोनात कुठेतरी, इतकंच लोकांना दिसतं. आपणही ‘चंद्रपूर जिल्हा’ एवढंच लिहावं.

माणसांचंही तसंच. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये मूल-चामोर्शीकडे धानाची कापणी झालेली असते, बांध्यांत पुंजणे उभे असतात, मामा तलावाच्या पाण्यात सकाळ उतरलेली असते. फोन काढण्याआधी सायकलवरून उतरा आणि विचारा, “मावशी, एक फोटो काढू का जी?” बहुतेक वेळा हसून होकार येतो. नाही म्हणाल्या तर फोन खिशात. होकार दिला म्हणजे घराचं ठिकाण जगाला सांगायलाही होकार दिला, असं होत नाही. आणि गडचिरोलीत पोलिस ठाणी, मदत केंद्रं, त्यांच्या गाड्या यांचे फोटो काढूच नका.

लोकेशन काढायचं कसं?

अँड्रॉइडवर कॅमेरा उघडा, सेटिंगमध्ये जा आणि लोकेशन टॅग बंद करा. आयफोनवर सेटिंगमध्ये प्रायव्हसी, मग लोकेशन सर्व्हिसेस, मग कॅमेरा, आणि तिथे ‘नेव्हर’ निवडा. आधीच काढलेला फोटो आयफोनवरून शेअर करताना वरच्या ‘ऑप्शन्स’मध्ये लोकेशन बंद करता येतं. अनेक अँड्रॉइड फोनच्या गॅलरीतही शेअर करताना लोकेशन काढायची सोय असते.

व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला की ही माहिती गळून पडते. पण तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवला की जशीच्या तशी जाते. आमच्या ग्रुपवर नेमकं हेच झालं होतं.

निघण्याआधी

फोन हँडलवर लावून खडबडीत रस्त्यावर तासन्‌तास नेऊ नका. मोटारसायकलच्या जोरदार कंपनांनी आयफोनच्या कॅमेऱ्यातली स्थिरीकरणाची यंत्रणा बिघडू शकते, असा इशारा ॲपलने २०२१ मध्ये दिला होता. सायकलची कंपनं कमी असतात, पण फोन खिशात किंवा गादी लावलेल्या पिशवीत असलेला बरा. शिवाय हँडलवर थेट उन्हात फोन तापतो, स्क्रीन मंद होते, चार्जिंग थांबतं. नेटवर्क नसलेल्या पट्ट्यात फोन सारखा सिग्नल शोधत बॅटरी खातो. तिथे एअरप्लेन मोड लावा, जीपीएस तरीही चालतं. घरी किती वाजता कुठे पोहोचणार ते आधीच सांगून ठेवा.

आणि एक साधा नियम पाठ करा: दगडाचं ठिकाण सांगायचं, जनावराचं लपवायचं, माणसाचं विचारून ठरवायचं.

आमच्या त्या मित्राने फोटो डिलीट केला, पण टाचणी परत आणता आली नाही. तुमचा पुढचा फोटो पाठवण्याआधी एकदा तो वर सरकवून बघा. खाली नकाशा दिसतोय का?