पाठीवर उमटणारं उत्तर

पॅच टेस्टच्या पट्ट्या सोमवारीच लावायच्या, असा या त्वचारोग विभागाचा शिरस्ता. पहिलं वाचन ४८ तासांनी, म्हणजे बुधवारी. दुसरं ९६ तासांनी, शुक्रवारी. मध्ये रविवार येऊन चालत नाही.

स्टुलावर पाठमोऱ्या बसलेल्या काकूंचं पार्लर आहे. बोटांच्या पेरांना भेगा, पापण्या सुजलेल्या, सोबत पिशवीभर बाटल्या आणि पुड्या. सिस्टर ॲल्युमिनियमच्या ८ मिलिमीटरच्या वाट्यांत सिरिंजने व्हॅसलीनमध्ये कालवलेले पदार्थ भरतात: निकेल सल्फेट ५ टक्के, सुगंधांचं मिश्रण ८ टक्के, आणि केस काळे करणारं पॅराफेनिलीनडायअमाईन, म्हणजे पीपीडी, १ टक्का. पट्ट्या पाठीवर चिकटतात, शेजारी शाईच्या खुणा होतात. शुक्रवारपर्यंत पाठ भिजवायची नाही, घाम काढणारं काम नको. उन्हाळ्यात हे किती अवघड, ते पट्ट्यांच्या सुटलेल्या कडांवरूनच कळतं.

काकूंची क्रीम जशी आहे तशी लावली. शाम्पू मात्र अगदी पातळ करून. घट्ट शाम्पू दोन दिवस बंद वाटीखाली राहिला तर तो कुणालाही झोंबेल. काकूंच्या कातडीबद्दल त्यातून काहीच कळणार नाही.

बुधवारी पट्ट्या निघाल्या तरी डॉक्टरांनी घाई केली नाही. चिकटपट्टीची लाली ओसरायला वेळ दिला, मग डोळ्यांइतकीच बोटांनीही पाठ तपासली. नुसती लाली आहे, की खालची कातडी फुगीर लागतेय? पातळ केलेल्या शाम्पूच्या जागीही चकाकती लाली होती, पण शुक्रवारी ती मावळली. ती नुसती चुरचुर. पीपीडीची जागा बुधवारी जेमतेम गुलाबी होती, शुक्रवारी तिथे फुगवटा आणि बारीक पुळ्या. नोंदवहीत दोन अधिक चिन्हं पडली. ॲलर्जी ओळखणाऱ्या टी-पेशींना त्या जागी जमायला दोन-तीन दिवस लागतात. योझेफ यादासोन यांनी १८९५ मध्ये मांडलेल्या या चाचणीतलं हे वाट पाहणं अजूनही टळलेलं नाही.

"मी तर रंग वापरतच नाही, मेहंदी लावते," काकू म्हणाल्या.

"लाल की काळी?"

"काळी. लगेच चढते."

मेहंदीचा पाला केसांना तांबूस रंग देतो, आणि तोही सावकाश. झटपट आलेला काळेपणा बहुतेक वेळा पीपीडीचा असतो.

सौंदर्यप्रसाधनांच्या प्राण्यांवरच्या चाचण्या भारतात २०१४ पासून बंद आहेत, आणि ते योग्यच झालं. पण कंपनीने कितीही तपासलेली वस्तू एखाद्या विशिष्ट कातडीला सोसेल, हे कुणीच लिहून देऊ शकत नाही. म्हणून केसांच्या रंगासोबत सूचना छापणं कायद्याने बंधनकारक आहे: कानामागे किंवा हाताच्या आतल्या बाजूला थोडा रंग लावून २४ तास पाहा, आणि हे दर वेळी करा. दर वेळी, कारण वर्षानुवर्षं सोसलेला रंगही एके दिवशी सोसेनासा होतो. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी रंगवायला आलेल्या बाईकडे हे २४ तास नसतात. पार्लरवाल्यांनी अशा वेळी सरळ नाही म्हणावं, असं मला मनापासून वाटतं.

डॉक्टरांनी काकूंना टाळायच्या पदार्थांची यादी दिली. त्यात बेन्झोकेन असलेली मलमंही होती.

"मग गिऱ्हाइकांना रंग लावायचा कसा?"

"नाइट्राइलचे हातमोजे घाला. लेटेक्समधून पीपीडी आरपार जातं. एकदा वापरलेला जोड टाकून द्या. आणि केस आधी कापा, मग रंगवा."