जिल्हा परिषदेत आपला माणूस कसा जातो?

सांगवीत राहणाऱ्या कितीतरी मंडळींचे घरदार गावाकडे आहे. गावी जिल्हा परिषदेची निवडणूक लागली की ती आम्हाला विचारतात, "आमचं मत कुठं?" ज्या गावच्या यादीत नाव, तिथेच मत. दोन याद्यांत नाव ठेवता येत नाही. सांगवी महानगरपालिकेत आहे. इथले मतदार नगरसेवक निवडतात.

गावाकडची रीत निराळी. महाराष्ट्रात जिल्हा परिषदा १९६२ सालच्या १ मेपासून आहेत. जिल्ह्यातल्या खेड्यांचे गट पाडतात, आणि एका गटाचे दोन गण. गटातून एक सभासद जिल्हा परिषदेत जातो, गणातून एक पंचायत समितीत. म्हणून एकाच दिवशी दोन मते द्यायची. एक बटण दाबून घाईने बाहेर पडलात तर दुसरे मत फुकट गेले! निम्म्या जागा बायकांसाठी राखीव असतात, हे घरात सांगा. अध्यक्ष मात्र आपण निवडत नाही. सभासद आपल्यातूनच निवडतात.

पुणे जिल्हा परिषदेत २०१७ साली निवडून आलेल्यांची मुदत २०२२ साली संपली. निवडणूक लांबली. तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाने कारभार पाहिला. शाळेचे छप्पर गळतेय, हे सभेत उठून सांगायला गटाचा माणूसच नव्हता.