डोमिनिका म्हणजे डोमिनिकन रिपब्लिक नव्हे

2023 च्या जुलैमध्ये मुंबईकडून खेळणाऱ्या यशस्वी जैस्वालनं कसोटी पदार्पणातच 171 धावा केल्या, अश्विननं बारा बळी घेतले आणि सामना तीन दिवसांत संपला. हा सामना झाला कुठे, असं विचारलं तर बहुतेक जण ‘वेस्ट इंडिजमध्ये’ म्हणतील. पण वेस्ट इंडिज नावाचा देश नाही. कॅरिबियन समुद्राच्या परिसरातल्या अनेक देशांनी मिळून केलेला तो क्रिकेट संघ आहे. सामना रोझो शहरातल्या विंडसर पार्कवर झाला होता, आणि रोझो ही डोमिनिका या स्वतंत्र देशाची राजधानी. त्याच सामन्यात पदार्पण करून यजमानांच्या पहिल्या डावात सर्वाधिक 47 धावा काढणारा अॅलिक अथानाझ याच बेटावरचा.

दुसरा गोंधळ नावाचा. डोमिनिकन रिपब्लिक हा एक कोटीहून जास्त वस्तीचा, स्पॅनिश बोलणारा वेगळाच देश आहे. डोमिनिकाची लोकसंख्या सत्तर हजारांच्या आसपास, क्षेत्रफळ सुमारे 750 चौरस किलोमीटर. राजभाषा इंग्रजी; घरात, बाजारात फ्रेंच वळणाची क्रेओलही ऐकू येते. उत्तरेला ग्वादलूप, दक्षिणेला मार्टिनिक ही फ्रान्सची बेटं, मध्ये डोमिनिका. नावाचा उच्चार करताना ‘नि’ लांबवायचा, म्हणजे तिथले लोक खूश होतात. 3 नोव्हेंबर 1493 ला, रविवारी, कोलंबसला हे बेट दिसलं, म्हणून त्यानं त्याला रविवारचं नाव दिलं. पुढे ब्रिटिशांकडून स्वातंत्र्य मिळालं ते 1978 साली, आणि तारीख तीच, 3 नोव्हेंबर.

‘व्हिसा लागत नाही, म्हणजे जाणं सोपं’ हाही अर्धवट समज. भारतीय पासपोर्टवर थोड्या दिवसांच्या पर्यटनासाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही, हे खरं. अडचण वाटेत आहे. भारतातून थेट विमान नाही. मायामीहून जायचं तर अमेरिकेचा ट्रान्झिट व्हिसा हवा. लंडनहून बार्बाडोस किंवा अँटिग्वामार्गे जायचं तर ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम आधी पाहायला हवेत. शेजारच्या फ्रेंच बेटांवरून बोटीनंही जाता येतं, पण नेहमीचा शेंगेन व्हिसा त्या बेटांवर आपोआप चालत नाही. हे न तपासता तिकीट काढू नका.

आता सगळ्यात मोठा गैरसमज. कॅरिबियन म्हटलं की डोळ्यांसमोर पांढरी वाळू आणि नारळाच्या झाडाला बांधलेला झोपाळा येतो. त्यासाठी जायचं असेल तर डोमिनिकाला जाऊ नये, असं मी स्पष्ट सांगेन. इथले किनारे बहुतेक काळ्या ज्वालामुखीय वाळूचे, तेही अरुंद. हे बेट डोंगरांचं आहे. सर्वांत उंच शिखर मॉर्न डिआब्लोतँ 1447 मीटरचं, म्हणजे आपल्या हरिश्चंद्रगडाहून किंचित उंच, आणि ते समुद्रापासून काही किलोमीटरवर उभं. एवढ्याशा जागेत नऊ ज्वालामुखी आहेत. ते अजून पुरते विझलेले नाहीत. ‘वर्षाच्या प्रत्येक दिवसाला एक नदी’ असं तिथले लोक अभिमानानं सांगतात.

मॉर्न त्रुआ पितों राष्ट्रीय उद्यान 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्यातलं ‘बॉइलिंग लेक’ म्हणजे साठेक मीटर रुंदीचं, अक्षरशः उकळणारं तळं. ‘गरम पाण्याचं कुंड असेल, पाय बुडवून येऊ’ असं समजून कुणी निघू नये. जमिनीतून वाफ आणि वायू सोडणारं एक भोकच पाण्यानं भरलं आणि हे तळं झालं. काठाशीच पाणी 82 ते 92 अंश सेल्सिअस असतं आणि मधोमध उकळ्या फुटत असतात. लोदा या गावातून चढ-उतार करत, गंधकाच्या वासानं भरलेल्या उजाड दरीतून जायला तीन तास, यायला तेवढेच. वाटाड्या घ्याच. पाय दुखणाऱ्यांसाठी ट्रॅफल्गर धबधबे आहेत. शॅम्पेन रीफवर समुद्रतळातून सुटणाऱ्या बुडबुड्यांमधून पोहता येतं. पश्चिम किनाऱ्याजवळच्या खोल पाण्यात स्पर्म व्हेल हे महाकाय देवमासे वर्षभर राहतात. त्यांच्यासाठी सुमारे 800 चौरस किलोमीटर समुद्र राखून ठेवण्याची घोषणा देशानं 2023 मध्ये केली.

जेवणातही एक फसवं नाव आहे. ‘माउंटन चिकन’ म्हणजे कोंबडी नव्हे, तो एक मोठा बेडूक. शिकार आणि बुरशीच्या रोगानं तो नामशेष होण्याच्या बेतात आला. 2013 मध्ये राष्ट्रीय पदार्थाचा मान त्याच्याकडून ‘कॅलालू’कडे गेला. कॅलालू म्हणजे अळूच्या पानांचं दाट सूप. मराठी माणसाला ते परकं वाटणार नाही. फक्त त्यात खेकडा किंवा मांस असतं, शाकाहारींनी विचारून घ्यावं.

‘वादळानं ते बेट उद्ध्वस्त झालं ना?’ हा प्रश्न अजून ऐकू येतो. 18 सप्टेंबर 2017 च्या रात्री मारिया चक्रीवादळ ताशी 260 किलोमीटरच्या वर वेगानं धडकलं. देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या दुपटीहून अधिक नुकसान झालं, पंतप्रधानांच्या घराचंही छप्पर उडालं. पण जंगल पुन्हा हिरवं झालं, आणि पर्यटकही परतले. वादळांचा मोसम जून ते नोव्हेंबर. फेब्रुवारी ते मे हे महिने त्यातल्या त्यात कोरडे.

शेवटचा गैरसमज मला सर्वांत जास्त खुपतो. कॅरिबियनचे मूळ रहिवासी संपले आणि ते नरभक्षक होते, असं आजही लिहिलं जातं. नरभक्षकासाठीचा ‘कॅनिबल’ हा शब्दच या लोकांच्या ‘कॅरिब’ या नावाच्या अपभ्रंशातून आला. 1503 मध्ये स्पेनच्या राणीनं नरभक्षकांना गुलाम करायला परवानगी दिली. हा शिक्का कुणाच्या सोयीचा होता ते यावरून कळतं. आजचे इतिहासकार त्या आरोपाकडे संशयानंच पाहतात. हे लोक स्वतःला कालिनागो म्हणवतात आणि बेटाला वाइतुकुबुली, म्हणजे ‘उंच आहे तिची काया’. पूर्व किनाऱ्यावर सुमारे 3700 एकरांचा त्यांचा प्रदेश 1903 मध्ये राखून ठेवला गेला. जमीन तिथे सर्वांच्या सामाईक मालकीची. सुमारे तीन हजार लोक तिथे राहतात, लारूमाच्या वेतासारख्या काड्यांच्या टोपल्या विणतात, कसाव्याची भाकरी भाजतात. टोपली घ्यायची तर विणणाऱ्याकडूनच घ्या, आणि त्यांना ‘कॅरिब’ म्हणू नका. 2015 मध्ये संसदेनं प्रदेशाच्या नावातूनही तो शब्द काढून टाकला. ऑक्टोबर 2023 पासून देशाच्या राष्ट्राध्यक्ष आहेत सिल्व्हनी बर्टन. त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला, आणि पहिल्या कालिनागो.