धमन आणि तीन पाळ्या

कुत्रं दत्तक दिल्याचा फोटो पाहिलात तर त्यात सगळे हसत असतात. कुत्र्याच्या गळ्यात नवा पट्टा, पोरांच्या हातात बिस्किटांचा पुडा, मागे भिलाईच्या सिविक सेंटरचा कृष्णार्जुनाचा रथ. फोटोबाहेर मी उभी असते, काखेत एक मळकी गोधडी घेऊन. ती न धुतलेली असते, आणि मुद्दामच. नव्या घरात पहिल्या रात्री कुत्र्याला ओळखीचं असं काहीच नसतं. असतो तो फक्त या गोधडीचा वास.

अशी गोधडी मी आजवर बऱ्याच जणांना दिली. धमनची मात्र दोनदा द्यावी लागली.

भिलाईत कुत्री रस्त्यावर येण्याचं एक कारण खास इथलंच आहे. माणूस इथल्या स्टील प्लांटमधून रिटायर होतो, क्वार्टर सोडतो, आणि नागपूरला किंवा रायपूरला मुलाच्या फ्लॅटमध्ये जातो. ट्रकमध्ये कपाट चढतं, तुळशीची कुंडी चढते. कुत्रं चढेलच असं नाही. धमन मला अशाच एका रिकाम्या क्वार्टरच्या मागच्या दाराशी सापडला. दातांवरून वय वर्षभराचं, फासळ्या मोजून घ्याव्यात असा, आणि तरीही उड्या मारत होता.

नाव आमच्या ह्यांनी ठेवलं. मराठी पुस्तकांत झोतभट्टी म्हणतात, पण इथे हिंदीच्या शेजारामुळे सगळे धमन भट्टीच म्हणतात. १९५९च्या फेब्रुवारीत राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या भट्टीचं उद्घाटन केलं. ती पेटवली की वर्षानुवर्षं रात्रंदिवस चालू ठेवतात. मध्येच थंड होऊ दिली तर आतलं लोखंड थिजून बसतं. आमचा धमनही तसाच, एकदा पेटला की विझायचं नाव नाही. पहिल्या आठवड्यात दोन केरसुण्या, एक उशी आणि ह्यांच्या सेफ्टी शूजची जीभ गेली. संध्याकाळी वासराला भरतं तसं त्याला वारं भरायचं. मग पलंगावरून दिवाणावर, दिवाणावरून माझ्या अंगावर.

शेजारच्या काकांनी नाव सुचवलं होतं, ‘लायका’. प्लांट उभा राहताना रशियन इंजिनिअरांबरोबर काम केलेली पिढी ती. हा नर आहे म्हटलं तरी त्यांचा आग्रह सुटेना. लायकाही मुळात मॉस्कोच्या रस्त्यावरचीच. थंडी नि उपासमार सोसलेली कुत्री टिकाव धरतील, या हिशेबानं तिथले शास्त्रज्ञ रस्त्यावरचीच कुत्री निवडायचे. ३ नोव्हेंबर १९५७ला तिला स्पुटनिक-२मधून वर पाठवलं, आणि खाली आणायची सोयच केलेली नव्हती. ते नाव काही माझ्या जिभेवर बसलं नाही. दत्तक देतानाच्या आमच्या कागदावरची पहिली अटच ही असते, की नाही जमलं तर कुत्रं माझ्याकडे परत आणायचं, रस्त्यावर सोडायचं नाही.

आता एक आतली गोष्ट सांगते. घर मिळेपर्यंत कुत्री तात्पुरती सांभाळणाऱ्या आमच्यासारख्यांची भाषा लग्नाच्या मध्यस्थासारखी असते. ‘थोडा खेळकर आहे’ म्हणजे सोफा झाकून ठेवा. ‘माणसांची फार ओढ’ म्हणजे एकटा सोडलात तर दार खाईल. ‘लाजाळू’ म्हणजे पाहुण्यांनी हात पुढे करू नये. ही भाषा मीही बोलायचे. धमनला पहिलं स्थळ आलं ते मोठ्या अंगणाच्या घराचं. मी भुलले. ‘थोडा खेळकर आहे,’ म्हणाले, आणि गोधडी दिली.

चौथ्या दिवशी गोधडीसकट परत. त्या लोकांना मी दोष देत नाही. अंगण मोठं म्हणजे कुत्र्याचा व्यायाम आपोआप होतो, असं त्यांना वाटलं, मलाही वाटलं होतं. अंगणात एकटं सोडलेलं कुत्रं धावत नाही. ते फाटकाशी बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर भुंकतं, आणि कंटाळा आला की गुलाब उपटतं. त्याला जागेपेक्षा काम हवं असतं. हुंगायला नव्या वाटा हव्यात, डोक्याला चाळा हवा, आणि बरोबर माणूस हवा.

परत आल्यावर मी त्याला काम लावलं. सकाळची पोळी ताटलीत देणं बंद केलं. तुकडे करून जुन्या फडक्याच्या गाठींत, खोक्यात, दाराआड लपवायचे नि ‘शोध’ म्हणायचं. नाकाच्या वीस मिनिटांच्या मेहनतीनं तो जेवढा थकायचा, तेवढा तासभर चेंडू फेकूनही थकला नव्हता. उलट चेंडूनं तो आणखी पेटायचा. हे कळायला मला तीन आठवडे आणि एक पडदा लागला.

२०२५च्या ऑगस्टमध्ये दिल्लीतल्या भटक्या कुत्र्यांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात तापलं. आधी ११ तारखेला सगळी कुत्री उचलून निवाऱ्यात न्यायचा आदेश आला. मग २२ तारखेला दुरुस्ती झाली: नसबंदी आणि लस झाली की कुत्रं होतं तिथेच सोडा, रेबीज झालेलं किंवा अंगावर धावणारं सोडू नका. त्याच आदेशात दत्तक घेण्याचाही रस्ता होता, पण घेतलेलं कुत्रं पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, या अटीवर. ते वाचून ‘आम्हालाही एक द्या’ म्हणणारे मला भेटले. हळवी माणसं, पण त्यातल्या निम्म्यांना कुत्रं नको होतं, आपण चांगले आहोत याची पावती हवी होती. त्यांना मी चहा पाजते, कुत्रं देत नाही.

धमनचं दुसरं स्थळ मी आधी नाकारलं होतं. मुलगा प्लांटमध्ये, पाळ्यांची ड्यूटी. कधी सकाळी सहाची, कधी दुपारी दोनची, कधी रात्री दहाची. क्वार्टर दोन खोल्यांचं. घरात बायको, शाळेतली मुलगी आणि मूळच्या वर्ध्याकडच्या आजी. वेळेचा पत्ता नाही, जागेचा नाही, मग नाही म्हणाले. तो पुन्हा आला. “ताई, एकदा भेटू तर द्या.”

पहिली भेट मी कधीच घरी ठेवत नाही. घरी कुत्रं मालक असतं नि पाहुणे चोर. सिविक सेंटरला रविवारी सकाळी, दुकानं उघडण्याआधी बोलावते. मोकळे रस्ते, नेहरू आर्ट गॅलरीकडची झाडं, मध्येच एखादा सायकलवाला. माणूस पट्टा कसा धरतो, कुत्र्यानं ओढल्यावर चिडतो की थांबतो, हे तिथे पाच मिनिटांत दिसतं. धमनला दोन पट्टे लावले होते, एक गळ्याला, एक छातीला. घाबरलेलं कुत्रं मान मागे खेचून गळपट्ट्यातून सुटतं, आणि बहुतेक पळापळ पहिल्या काही दिवसांतच होते.

या वेळी मी सगळे दोष आधी वाचून दाखवले. केरसुण्या, उशी, शूज, पडदा, चार दिवसांत परत आल्याचंही. आजी रथाच्या कठड्याला टेकून ऐकत होत्या. माझं संपल्यावर म्हणाल्या, “हे तं माह्या पोट्ट्याचंच सांगून राहिली तू, बाई.”

मग त्यांनीच हिशेब मांडला. पोरगा सहाच्या पाळीला असला की साडेचारला उठतो, तेव्हा एक चक्कर. दोनच्या पाळीचा रात्री साडेदहाला घरी येतो, तेव्हा एक. रात्रपाळीचा सकाळी परततो, तेव्हा एक. बाकी वेळ त्या स्वतः. “आमच्या घरी सगळे एकदम झोपतच नाहीत जी.”

मी चौरस फूट मोजत बसले होते. मोजायचं होतं घड्याळ. मे महिन्यात इथे नऊ वाजताच डांबर पंजे भाजतं. पहाटे साडेचारला आणि रात्री साडेदहाला आनंदानं बाहेर पडणारं घर मला शोधूनही मिळालं नसतं.

गोधडी दिली. पहिले तीन दिवस फोन करू नका, असं मी त्यांना सांगते, आणि स्वतःच करते. दुसऱ्या रात्री तो पलंगाखालून निघाला नव्हता. तिसऱ्या दिवशी मुलीचं कंपासपेटीचं झाकण गेलं. महिनाभरानं आजींचा फोन आला, पहाटे पाचला. माझ्या पोटात गोळा.

“काय झालं आजी?”

“काही नाही व. आज पोराची सुट्टी हाये. पण याले कोन सांगन? साडेचारपासून बूट तोंडात घेऊन दारात उभा हाये.” मागून भुंकणं आणि कुणाचं तरी वैतागून बूट शोधणं ऐकू येत होतं. “आन आयक, तुह्याकडे एखादा आळशी आला तं सांगजो. माह्यासाठी.”