समुद्रशैवाल व पाण्यांतील विषारी धातु

कारखान्याच्या सांडपाण्यांतून शिसें, कॅडमियम असे विषारी धातु ओढ्यास मिळाले, म्हणजे ते शेणामुताप्रमाणें कुजून नाहींसे होत नाहींत. पाटाच्या पाण्याबरोबर शेतांत येऊन मातींत सांचतात. जपानांत जिंझू नदीच्या पाण्यावरील भातशेतांत खाणींतील कॅडमियम असेंच उतरलें. तो भात खाऊन व तें पाणी पिऊन माणसांचीं हाडें ठिसूळ झालीं. हा रोग प्रदूषणजन्य असल्याचें तेथील सरकारनें १९६८ सालीं मान्य केलें.

असे धातु पाण्यांतून काढण्याचा एक उपाय समुद्रशैवालांत आहे. कोंकणच्या खडकाळ किनाऱ्यावरही आढळणाऱ्या सारगॅसमसारख्या तपकिरी शैवालांत अल्जिनेट नांवाचा चिकट पदार्थ असतो. सोडियम अल्जिनेटचा द्राव कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यांत थेंबथेंब सोडल्यास साबुदाण्यासारखे मणी बनतात. दूषित पाणी त्यांतून जाऊं दिलें असतां मणी आपल्यांतील कॅल्शियम सोडतात व त्याच्या जागीं शिसें, तांबें, कॅडमियम धरून ठेवतात. पाणी फार आम्लधर्मी असल्यास मात्र ही शक्ति घटते.

तथापि धातु येथें नष्ट होत नाहीं. केवळ पाण्यांतून मण्यांत जातो. म्हणून वापरलेले मणी किंवा शैवाल खताच्या खड्ड्यांत कदापि घालूं नये. शिवाय मातींत मुरलेला धातु या उपायानें निघत नाहीं. यास्तव ही योजना सांडपाणी कारखान्याबाहेर पडण्यापूर्वींच झाली पाहिजे, व तशी मागणी ओढ्याकांठच्या शेतकऱ्यांनीं एकजुटीनें करणें हिताचें होय.