खेळण्याच्या पोटातले रबर

एवढ्याशा खेळण्यापायी मोठ्या माणसांची झोप उडावी, हे ऐकून कुणालाही हसू येईल. पण अमेरिकेत अशी खेळणी जमवणारे पुष्कळ हौशी लोक आहेत. या खेळण्यांना ते ‘ॲक्शन फिगर’ म्हणतात. हा शब्दही हेतुपुरस्सर रूढ केलेला. १९६४ साली हॅस्ब्रो कंपनीने ‘जी. आय. जो’ हा बारा इंची सैनिक बाजारात आणला. मुलगे बाहुली हाती धरणार नाहीत, म्हणून ‘बाहुली’ हा शब्दच टाळला!

गंमत अशी, की त्या पहिल्या सैनिकातच एक खोट राहून गेली. उजव्या अंगठ्याचे नख चुकून आतल्या बाजूला बसले. कंपनीने ते तसेच राहू दिले. कुणी नक्कल करताना तेही नख उचलले, तर चोरी आपोआप पकडता येई. म्हणजे खोट हीच मालाची ओळख झाली.

आजचा संग्राहक मात्र खोटीला भितो. खोक्याचा कोपरा दुमडला आहे काय, डोळ्याचा रंग सांडला आहे काय, हे तो भिंग लावून पाहतो. ‘ॲक्शन फिगर ऑथॉरिटी’ ही संस्था तर खेळण्याला शंभरापैकी गुण देते आणि पारदर्शक पेटीत ते बंद करून परत पाठवते. दोन-चार गुणांच्या फरकाने किंमत बदलते.

पण जी खोट दिसतच नाही, तिचे काय? १९८२ पासून जी. आय. जो पावणेचार इंचांचा झाला. त्याचे धड आणि पाय पोटातल्या एका लहानशा रबरी कडीने जोडलेले असतात. वर्षे लोटली की हे रबर कडक होते आणि तुटते. खेळा किंवा खेळू नका, ते तुटतेच. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मधल्या काही खेळण्यांचे सोनेरी प्लॅस्टिक असेच आतून ठिसूळ होऊन हाताच्या दाबाने फुटते. आम्ही कारकुनी पेशाचे. यंत्र बंद ठेवले तरी त्याच्यावर घसारा धरावा लागतो, हे आम्हाला ठाऊक आहे. खेळण्याचेही तसेच!

संग्राहकाची कोंडी इथेच होते. आतले रबर शाबूत आहे की नाही, हे नीट पाहायचे तर खोके फोडले पाहिजे. आणि खोके फोडले की किंमत गेली. म्हणून तो फोडत नाही, आणि शंकाही सोडत नाही. पैसा त्याचा, वस्तू त्याची. पण समाधान काही त्याचे नाही.

वास्तविक उपाय किती सोपा! सैनिकाच्या पाठीत एकच स्क्रू असतो. तो काढायचा, नवी रबरी कडी घालायची, पुन्हा आवळायचा. सैनिक उभा! परंतु ‘मूळचे रबर राहिले नाही’ म्हणून निर्दोषपणाच्या भक्ताला ती दुरुस्तीही डाग वाटते.

या प्रकरणाशी आपलाही थोडा संबंध आहे. गोव्यात कारखाना असलेल्या फनस्कूल कंपनीने हॅस्ब्रोच्या परवान्याने हेच सैनिक भारतात बनवले. त्यांतल्या काहींचे रंग अमेरिकन मालाहून वेगळे. आज परदेशातले शौकीन नेमक्या त्या वेगळेपणासाठी ते शोधत असतात. एकाची खोट ती दुसऱ्याची दौलत!

बंधुभगिनींनो, आपल्या घरात महागडे खेळणे सहसा येत नाही. आले, तर ते ‘खराब होईल’ म्हणून कपाटावर ठेवले जाते आणि पोर खालून नुसते बघत राहते. आमची विनंती एवढीच, ते खाली काढा. मोडले तर पोराच्या हाती स्क्रू ड्रायव्हर द्या, पोटात काय आहे ते त्याला पाहू द्या. खोट शोधणारे डोळे जगात पुष्कळ आहेत. ती दुरुस्त करणारे हात कमी आहेत. ते आपल्या घरातून तयार होवोत.