परदेशात नोकरी? आधी सर्टिफिकेट, मग देश

‘सर, कुठल्या देशात जाऊ?’ हे शिरोली, गोकुळ शिरगावची पोरं हमखास विचारतात. खरा प्रश्न वेगळा आहे : माझं सर्टिफिकेट कुठं चालतं?

जर्मनीचंच बघा. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रानं तिथल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. जून २०२४ पासून तिथं जाऊन नोकरी शोधायला ‘चान्सनकार्टे’ मिळतं. त्याला किमान दोन वर्षांचा सरकारमान्य कोर्स, जर्मन ए१ किंवा इंग्रजी बी२ आणि वर्षभराच्या खर्चाची सोय लागते; वर गुणही मोजतात. म्हणजे दोन वर्षांचा आयटीआय फिटर अर्ज करू शकतो, सहा महिन्यांच्या कोर्सवाला नाही.

एजंटला पैसे देण्याआधी ई-मायग्रेट पोर्टलवर त्याची नोंदणी तपासा. सेवाशुल्काची मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी आहे. लाखात मागतोय? तिथनंच माघारी फिरा.